‘दोन तासांच्या कामाला दीड दिवस’ : या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय वाचला. तक्रारी चार आहेत. मागचे दोन शॉकअप बदलायला दोन तास सांगितले आणि गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाली. चांगले नट ग्राइंडरने कापून टाकले आणि नवे नट-बोल्ट बिलात लावले. दुसरीकडे हेच काम गंज सोडवणाऱ्या तेलाचा स्प्रे मारून, गन (ठोके देत नट फिरवणारं यंत्र) लावून दहा मिनिटांत होतं. आणि गाडी नेल्यापासून मागून डावीकडे खट-खट आवाज येतो.

पहिली आणि चौथी तक्रार मान्य. मधल्या दोन मात्र मान्य नाहीत. का नाहीत ते सविस्तर लिहितो, म्हणजे हे वाचणाऱ्या इतरांनाही उपयोग होईल.

आधी गनचं. गन आम्हीही वापरतो. तुमच्या गाडीचा उजवीकडचा वरचा नट गननेच निघाला, मिनिटभरात. डावीकडे गन लावली तर नटाबरोबर शॉकअपचा रॉडच गरगर फिरायला लागला. वरचा नट रॉडच्या टोकावर असतो आणि रॉड नळीत मोकळा फिरतो. त्याला धरायला टोकाशी दोन चपट्या बाजू असतात, काही शॉकअपला एलन कीचं भोक असतं. जुन्या गाडीत त्या चपट्या बाजू गंजून इतक्या बारीक होतात की पाना धरताच गोल होतात. तुमच्या गाडीत तेच झालं. मग डस्ट कव्हर वर सरकवून रॉडला खालून व्हाइसग्रिप (घट्ट धरून ठेवणारी पक्कड) लावली. जुन्या रॉडला हे चालतं, तो भंगारातच जायचा असतो. नव्या रॉडला कोणी व्हाइसग्रिप लावताना दिसला तर हात धरा. क्रोमवर एक ओरखडा पडला की तेलाचं सील कापलं जातं आणि नवा शॉकअप गळायला लागतो. तुमच्या जुन्या रॉडवरून व्हाइसग्रिपही घसरली, कारण नट आट्यांशी पुरता जाम झाला होता.

खालच्या बोल्टची गोष्ट वेगळी. तो शॉकअपच्या खालच्या रबरी बुशच्या मधल्या लोखंडी नळीतून आरपार जातो. पाणी, चिखल त्या नळीत शिरतो, गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्यामुळे बोल्ट नळीत ठासून बसतो. नट निघाला तरी बोल्ट हलत नाही. डोकं फिरवलं तर बोल्ट नळीसकट फिरतो, भोवतीचं रबर पिळतं आणि पाना सोडला की परत जागेवर येतं. गनचे ठोके ते रबरच खाऊन टाकतं. बोल्टच्या टोकावर थेट हातोडी मारली तर टोक पसरतं आणि मग तो भोकातून कधीच बाहेर येत नाही. म्हणून टोकाशी समतल येईल इतका जुना नट परत चढवून त्यावर ठोकायचं. तुमच्या उजव्या बोल्टवर हेच केलं, तरी तो हलला नाही. शेवटी बुश आणि ब्रॅकेट (गाडीचा लोखंडी आधार) यांच्या फटीत पातळ पातं घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापला. शॉकअप मधल्या तुकड्यासकट खाली आला, डोकं आणि शेपूट हाताने निघाली. ब्रॅकेटला धक्का लागला नाही.

मुद्दा हाच आहे. नट, बोल्ट, जुना शॉकअप हे फेकायचंच सामान. गाडीवर राहतात ते ब्रॅकेट, त्याची भोकं आणि वरचा पत्रा. पुष्कळ गाड्यांत एखादा नट आतून बॉडीला वेल्ड केलेला असतो. त्यावर जोर केला आणि वेल्ड सुटला की नट बंद पोकळीत फिरत बसतो. मग पत्र्याला खिडकी कापून आत पाना घालावा लागतो आणि नंतर ती खिडकी परत वेल्ड करावी लागते. बोल्ट तुटून आत राहिला तर ड्रिल मारून काढावा लागतो. त्यात एक्स्ट्रॅक्टर (तुटलेला बोल्ट फिरवून काढायचं हत्यार) तुटला तर तो इतका कडक असतो की साध्या ड्रिलने कापलाच जात नाही. ‘दहा मिनिटांत काढतो’ म्हणणाऱ्याला एवढं जरूर विचारा, की वेल्ड सुटला तर पुढे काय?

स्प्रेबद्दलही थोडं. स्प्रे मारून लगेच पाना लावला तर काही होत नाही. आधी तारेच्या ब्रशने उघडे आटे घासायचे, नाहीतर तेल गंजाच्या थरावरच राहतं. मग तेल, अर्धा तास थांबणं, नटावर हलके ठोके, पुन्हा तेल. रात्रभर मुरू दिलं तर उत्तम. शिवाय शॉकअपला बहुधा नायलॉन रिंगचे नट असतात. ती रिंग वरून तेल आत जाऊच देत नाही, त्यामुळे वॉशरच्या बाजूनेही तेल घालावं लागतं. तुमची गाडी रात्रभर थांबली त्याचं कारण हे मुरणंच होतं. सकाळी डावीकडचा खालचा बोल्ट त्यामुळेच शाबूत निघाला: आधी किंचित आवळायचा, ‘कट्’ आवाज आला की उलट फिरवायचा, थोडा पुढे, थोडा मागे करत. गोटी (नटावर बसणारा सॉकेट) सहा कोनांचीच हवी. बारा कोनांची गोटी गंजलेल्या नटाचे कान आधी खाते.

‘गॅसने तापवायचा होता,’ असंही तुम्ही लिहिलंय. नट तापला की फुगतो आणि सुटतो, बरोबर. पण वरच्या नटाखाली रबराचं बुश असतं, शेजारी गाडीचं अस्तर आणि वायरिंग असतं, आणि शॉकअपच्या नळीत तेल असतं, बऱ्याच प्रकारांत दाबाखालचा नायट्रोजनही. त्या नळीवर ज्योत आम्ही कधीच लावत नाही. म्हणून डावीकडच्या वरच्या नटाला एका बाजूने, रॉडला समांतर, ग्राइंडरच्या पातळ डिस्कने चीर दिली. भोवती ओलं कापड होतं आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी. चीर आट्यांपर्यंत गेली की छिन्नी घालून नट फाकवला. तुमच्या फोटोत दिसतो तो हाच नट.

नवे नट-बोल्ट बिलात का? नायलॉनचा नट एकदा उघडला की त्याची पकड कमी होते, तो परत लावत नाही. कापलेल्या बोल्टच्या जागी त्याच दर्जाचा बोल्ट लागतो, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. मापाने बसतो म्हणून कुठलाही बोल्ट तिथे चालत नाही. नव्या बोल्टच्या गुळगुळीत भागाला जाम न होणारं ग्रीस लावलं आहे, आट्यांना नाही. आट्यांना ग्रीस लागलं की त्याच टॉर्कला (आवळायच्या जोराला) बोल्ट जास्त ताणला जातो.

आता आमच्या चुका. दोन तास हा अंदाज आम्ही गाडी वर न उचलता, खाली न बघता दिला. गंजलेले आटे दिसले असते तर आदल्या दिवशी तेल मारायला बोलावलं असतं. कापण्याआधी तुम्हाला फोन करायला हवा होता, तोही केला नाही. यापुढे जुन्या गाडीला आधी खालून बघून वेळेचे दोन अंदाज सांगू: सरळ निघाले तर इतका, जाम असतील तर इतका.

खट-खटीचं कारण गाडी न बघता ठामपणे सांगत नाही, पण संशय आमच्याच कामावर आहे. नवी वरची रबरं थोडं चालल्यावर बसतात आणि नट ढिला वाटू लागतो. किंवा वाटीसारखा वॉशर उलटा बसला असेल. यासाठी पैसे लागणार नाहीत. तोवर खड्ड्यांतून सावकाश चालवा आणि वरचा नट स्वतः गनने आवळू नका, नवा रॉड आत फिरेल. येताना मागचं सामान काढून या. आम्ही वरची जोडणी उघडून बघू, आणि खालचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच टॉर्क पान्याने पुन्हा तपासू. चाकं लोंबत असताना ते आवळले तर बुश पिळलेल्या स्थितीत अडकतं आणि लवकर फाटतं. आपलं सगळं ठीक असेल आणि तरी आवाज येत असेल, तर शेजारचं जुनं बुश बघावं लागेल. मेलेल्या शॉकअपच्या आवाजात ते आधी ऐकू येत नव्हतं असंही होतं.

कापलेला नट आणि बोल्टचे तिन्ही तुकडे पिशवीत ठेवले आहेत. आलात की हातात घेऊन बघा.