आधी गुन्हे, बालपण सवडीने

खलनायक व्हायचं ठरवलंत? उत्तम. पण होतकरू मंडळी एक चूक हमखास करतात: आधी दुःखद भूतकाळ जुळवत बसतात. बापाने मारलं, शाळेत चिडवलं, प्रेयसी मित्राबरोबर गेली. या भानगडीत उमेदीची वर्षं वाया जातात. तुम्ही कामाला लागा. भूतकाळ मागाहून मिळतो.

अमेरिकी कॉमिकमधल्या बुजुर्गांकडेच बघा. बॅटमॅनचा वैरी जोकर १९४० साली अवतरला तेव्हा त्याला ना गाव होतं, ना आईबाप, ना सबब. पहिल्याच अंकाच्या शेवटी तो मरायचा होता. संपादकांनी ऐनवेळी एक चौकट वाढवली म्हणून वाचला. भूतकाळ हाती आला १९५१ मध्ये: लाल टोप घालून पत्त्यांच्या कारखान्यात चोरी, पळताना रसायनांच्या पाण्यात उडी, पांढरा चेहरा, हिरवे केस. अकरा वर्षांचे गुन्हे उधारीवर, सबब नंतर. १९८८ मध्ये तो फसलेला विनोदवीर निघाला, घरी गरोदर बायको. आणि ते सांगून झाल्यावर पठ्ठ्या स्वतःच म्हणतो की आपल्याला हे कधी असं आठवतं, कधी तसं. ही चलाखी शिकून घ्या. एकच भूतकाळ सांगितला की लोक तपासायला जातात.

कारण मोठं हवं, असंही काही नाही. सुपरमॅनचा वैरी लेक्स ल्यूथर घ्या. हाही १९४० चा, आणि तेव्हा डोक्यावर चांगले लाल केस होते. वर्षभरात टक्कल पडलं, ते चित्रकाराच्या गफलतीने असं सांगतात. मग एवढ्या गुळगुळीत डोक्याचं करायचं काय? १९६० मध्ये उत्तर सापडलं. स्मॉलव्हिल गावातला तरुण लेक्स सुपरबॉयचा, म्हणजे पोरवयातल्या सुपरमॅनचा, निस्सीम भक्त. लेक्स त्याचा जीव वाचवतो, बदल्यात सुपरबॉय त्याला प्रयोगशाळा बांधून देतो. तिथे आग लागते. सुपरबॉय एक जोरदार फुंकर मारतो, आग विझते, पण रसायनांची वाफ उसळते आणि लेक्सचे केस झडतात. प्रयोगही बुडतो. माणूस वाचला, हा तपशील लेक्सला किरकोळ वाटतो. आपल्याकडे केसाने गळा कापतात. याने गेलेल्या केसांसाठी जन्मभर दुसऱ्याच्या गळ्याला हात घातला. मला हा प्रामाणिक वाटतो. आपले बरेचसे आजन्म वैरभाव याहून वजनदार कारणावर उभे असतात असं नाही. लग्नातल्या मानपानावरून तीस वर्षं अबोला धरलेले काका बहुतेक घरांत असतील.

एका भूतकाळापासून मात्र चार हात लांब राहा. एक्स-मेन या नायकांचा वैरी मॅग्नेटो १९६३ मध्ये आला तो निव्वळ जगावर राज्य करायला. अठरा वर्षांनी, १९८१ मध्ये कळलं की त्याचं बालपण आउशविट्झच्या नाझी छळछावणीत गेलं होतं. इथे थट्टा सुचत नाही. धंद्याच्या दृष्टीनेही हा भूतकाळ घातकच. कारण त्याच अंकात त्याच्या हातून किटी प्राइड नावाची कोवळी ज्यू मुलगी मेली असं त्याला वाटतं, आणि गडी तिथेच थांबतो. ज्यांचा द्वेष केला त्यांच्यासारखेच आपण झालो, हे त्याला दिसतं. खरं दुःख असं ऐन वेळी हात धरतं. केस गेल्याचं दुःख कधी धरत नाही. निवड करताना हे ध्यानात असू द्या.

सर्वांत सोयीचा फँटास्टिक फोर या नायकांच्या चौकडीचा वैरी, डॉक्टर डूम. १९६२ मध्ये आला, दोनच वर्षांत भूतकाळ घेऊन मोकळा. कॉलेजात यंत्र बनवत होता. सहाध्यायी रीड रिचर्ड्सने कागद पाहून सांगितलं, अरे, तुझं गणित चुकलंय. आता हातचा विसरला असेल तर आपण खोडून पुन्हा मांडतो. डूमने रीडलाच हाकलला. यंत्राचा स्फोट झाला, चेहरा भाजला, कॉलेजातून हकालपट्टी झाली आणि दोषी कोण ठरला? गणित तपासणारा. चित्रकार जॅक कर्बी यांच्या मते तर चेहऱ्यावर एक बारीकसा व्रण तेवढा होता. पण तो आरशात पाहणाऱ्याला मानवेना. गडी तिबेटमध्ये गेला, भिक्षूंकडून चिलखत घडवून घेतलं आणि मुखवटा पुरता गार होण्याआधीच तोंडावर चढवला.

तुम्ही घडवून घ्याल तेव्हा तेवढा जरा निवू द्या.