फोटोतली दुकानाची पाटी आणि तुरुंगाची भीती

पुण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर मुलांच्या कला स्पर्धांच्या दिवसांत एक संदेश हमखास फिरतो. स्पर्धेसाठी काढलेल्या फोटोत एखाद्या कंपनीचा लोगो दिसला तरी कॉपीराइटचा भंग होतो, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, मूल अल्पवयीन असल्यामुळे गुन्हा आईवडिलांवर दाखल होतो, म्हणून प्रत्येक लोगो धूसर करूनच फोटो पाठवावा, असे त्यात बजावलेले असते. शेवटी, ‘शैक्षणिक उपक्रम असेल तर मात्र काहीही चालते’ असा दिलासाही असतो. यातले एकच विधान अर्धे खरे आहे, आणि या भीतीपायी मुले शहर टिपायचे सोडून कोरी भिंत शोधू लागली आहेत, म्हणून या संदेशाचे सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

लोगो दिसला की कॉपीराइटचा भंग झाला, हा मूळ दावा दोन वेगळ्या कायद्यांची सरमिसळ करतो. लोगोचे मुख्य संरक्षण व्यापारचिन्ह कायदा, १९९९ यात आहे, आणि त्याच्या कलम २९ प्रमाणे भंग होण्यासाठी ते चिन्ह धंद्याच्या ओघात वापरलेले असावे लागते. लक्ष्मी रस्त्यावरची गर्दी टिपणारी मुलगी त्या पाटीवरच्या नावाने साड्या विकत नसते, त्यामुळे हे कलम तिला लागू होण्याचा प्रश्नच येत नाही. ओडिशातल्या धामरा बंदराविरुद्धच्या मोहिमेत ग्रीनपीस या पर्यावरणवादी संस्थेने टाटांचे चिन्ह एका ऑनलाइन खेळात उघडपणे, तेही टीकेसाठी वापरले होते. तरीसुद्धा दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्या खेळाला अंतरिम मनाई देण्यास नकार दिला. मुलांच्या फोटोत तर टीकाही नसते.

कॉपीराइटचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे आणि तो झटकून टाकणे योग्य नाही. नुसत्या नावाला किंवा साध्या अक्षरांना कॉपीराइट मिळणे अवघड असते. पण लोगोत रेखाटन असेल, तर ते कॉपीराइट कायदा, १९५७ खाली कलाकृती ठरू शकते. चित्रपटात एखादी कलाकृती केवळ पार्श्वभूमीला आली तर कलम ५२ स्पष्ट सूट देते, मात्र स्थिर छायाचित्रासाठी तशी सूट लिहिलेली नाही. तरीही भंग होण्यासाठी मूळ कृतीची किंवा तिच्या भरीव भागाची नक्कल व्हावी लागते, आणि क्षुल्लक वापराची कायदा दखल घेत नाही हे तत्त्व दिल्ली उच्च न्यायालयाने इंडिया टीव्ही आणि यशराज फिल्म्स यांच्या वादात २०१२ मध्ये कॉपीराइटला लागू केले आहे. वाड्याच्या दाराशी टेकवलेली जुनी चेतक, तिच्या पत्र्यावरची निघत आलेली अक्षरे आणि शेजारी वाळत घातलेल्या कुरडया, असा फोटो मुलाने काढला, तर ती बजाजच्या नावाची नक्कल नसून त्या मुलाची स्वतःची रचना आहे. याउलट बिस्किटाच्या पुड्यावरचे चित्र चौकटभर घेऊन तेच आपले म्हणून पाठवले, तर शंका घ्यायला जागा आहे.

खरी सावधगिरी हवी ती वेगळ्याच ठिकाणी. रस्त्यावर दिसते ते सगळ्यांचे, असे समजून मुले उड्डाणपुलाच्या खांबांवरची रंगवलेली चित्रे जशीच्या तशी टिपतात. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचे किंवा कोणत्याही इमारतीचे छायाचित्र काढून प्रसिद्ध करायला कलम ५२ मोकळीक देते; परंतु भिंतीवरच्या रंगचित्राचा त्या मुभेत समावेश नाही. त्या चित्रासमोरून जाणारा हातगाडीवाला फोटोचा विषय असेल तर गोष्ट निराळी. नुसते चित्र पाठवायचे असेल तर चित्रकाराची परवानगी घ्यावी.

तीन वर्षांच्या कैदेचा आकडा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये खरोखर आहे. किमान सहा महिने कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडही तिथेच आहे. संदेशाने गाळले ते एवढेच, की हा गुन्हा जाणूनबुजून केलेल्या भंगाचा आहे आणि धंद्यातल्या फायद्यासाठी भंग झालेला नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून किमान शिक्षेच्याही खाली येऊ शकते. आईवडिलांवर गुन्हा आपोआप सरकतो, हे तर निखालस खोटे आहे. सात वर्षांखालील मुलाचे कृत्य भारतीय न्याय संहितेच्या कलम २० प्रमाणे गुन्हाच नसते, सात ते बारा या वयात मुलाची समज पाहिली जाते, आणि पालक स्वतः त्यात सामील नसतील तर केवळ नात्यामुळे ते आरोपी होत नाहीत.

धूसर करण्याची सक्ती कोणत्याही कायद्यात नाही. आयोजकांनी नियमावलीत लोगो नकोत असे लिहिले असेल, तर तो त्या स्पर्धेचा नियम म्हणून पाळावा. निवडक फोटोंची दिनदर्शिका छापून विकायची असेल, तर त्यांची काळजी रास्तही असते, कारण तिथे धंदा आयोजकांचा असतो.

शैक्षणिक उपक्रमाला सगळे माफ, हा दिलासा मला भीतीइतकाच घातक वाटतो. कलम ५२ ची सूट शिक्षक किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेल्या वापरापुरती आहे. पुस्तकांतल्या उताऱ्यांच्या छायाप्रतींवरून प्रकाशकांनी भरलेल्या दिल्ली विद्यापीठाच्या खटल्यात २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिचा अर्थ बराच व्यापक लावला, पण तोही अभ्यासक्रमाच्या संदर्भात. चित्रकलेच्या तासाला वहीत चिकटवलेला फोटो त्यात बसतो. एखाद्या कंपनीने भरवलेल्या खुल्या स्पर्धेतला फोटो बसेलच असे नाही.

लोगोच्या धास्तीत पालक संमतीपत्र मात्र न वाचता सही करतात, याचे मला वाईट वाटते. फोटोचा पहिला मालक तो काढणारे मूल असते, आणि ‘सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ या एका ओळीखालच्या सहीने तो हक्क पालक देऊन टाकतात. मुदत लिहिलेली नसेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हस्तांतर पाच वर्षांचे धरले जाते, म्हणून ‘कायमस्वरूपी’ असा शब्द आहे का ते आधी पाहावे, आणि असल्यास तो खोडून प्रदर्शन व निकालाची प्रसिद्धी एवढ्यापुरतीच परवानगी द्यावी. हक्क दिले तरी छायाचित्रकार म्हणून आपले नाव सांगण्याचा मुलाचा अधिकार कलम ५७ प्रमाणे त्याच्याकडेच राहतो, तेव्हा छापलेल्या फोटोखाली नाव नसेल तर आयोजकांना तसे लेखी कळवावे.