व्यसन सोडवण्याचे खात्रीशीर घरगुती उपाय

इमारतीतल्या कुणाचा मुलगा गर्द ओढतो असं कानावर आलं, तर त्याच्याशी बोलायची घाई करू नका. आधी बाकी सगळ्यांशी बोलून घ्या. तो लिफ्टमध्ये शिरला की पाकीट चाचपा, आणि त्याला दिसेल असं चाचपा. 'गर्दुल्ला' म्हणायला संकोच कसला? वर्तमानपत्रंही छापतात.

मग उपदेशाला जा. काकालोकांनी जावं, त्यांचा अनुभव दांडगा. सोफ्यावर ऐसपैस बसून तळहातावर तंबाखू घ्यावी, चुना लावावा, अंगठ्याने सावकाश मळावी, दोन टाळ्या देऊन धूळ उडवावी आणि चिमूट ओठाखाली सरकवून मगच म्हणावं, "मनावर घेतलं तर काय सुटत नाही रे?" मुलगा समोर नाक पुसत, कुडकुडत बसलेला असेल. त्यांच्या भाषेत 'टर्की' लागलेली असते. माल मिळाला नाही की हाडं ठणकतात, जुलाब होतात, झोप उडते. यावर औषधं आहेत, काही सरकारी केंद्रांत ब्युप्रेनॉर्फिनची गोळी मिळते, असं एखादा डॉक्टर सांगेल. हा आजार आहे, असंही म्हणेल. डॉक्टरांना काय, सगळीकडे आजारच दिसतो!

कुलदैवतापुढे शपथ घालावी. मोडली तर लग्न लावून द्यावं. दोनाचे चार हात झाले की जबाबदारी येते, नाही आली तर निदान दोष द्यायला सून येते. (मुलगीच नशा करत असेल तर? छे, आपल्यातल्या मुली करत नाहीत.)

१९८५च्या अमली पदार्थ कायद्यात सेवनालाही तुरुंगवास आहे, हे त्याला रोज ऐकवा. त्याच कायद्यातल्या ६४-अ कलमाचं मात्र नाव काढू नका. स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले तर सेवनाच्या खटल्यातून सूट मिळू शकते म्हणे. उगाच बरा व्हायचा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइनही नोटीस बोर्डावर नको, फ्लॅटचे भाव पडतात.

अवचट दांपत्याने १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, त्याला पु. ल. आणि सुनीताबाईंनी पैसे दिले, याचा प्रत्येक मराठी माणसाला अभिमान हवाच. पण स्वतःच्या घरातलं कुणी तसल्या केंद्रात ठेवायची वेळ आली, तर 'दुबईला नोकरी लागली' असं सांगावं. केंद्र सरकारने २०१९ साली जाहीर केलेल्या पाहणीत, अमली पदार्थांच्या पुरत्या आहारी गेलेल्या दर वीसजणांत एकालाच कधी दाखल होऊन उपचार मिळाले होते. उरलेल्या एकोणीसांचं श्रेय थोडंफार आपलंही आहे, विनय पुरे.

'दुबई'हून परतल्यावर त्याला नोकरी देऊ नये, खोली भाड्याने देऊ नये, रोज खिसे तपासावेत. स्लिप झालीच, म्हणजे पुन्हा नशा केलीच, तर "म्हटलं नव्हतं?" तयार असू द्या. मधे खंड पडलेल्या शरीराला जुनी मात्रा झेपत नाही, जीवही जातो. तेव्हा बाथरूमचं दार आतून बंद असेल आणि हाका मारून उत्तर येत नसेल, तर १०८ फिरवण्याआधी नीट विचार करा. पोलीस येतील का? समोरच्या वहिनी दार उघडतील का? धाकटीचं जमत आलंय, त्यांच्या कानावर गेलं तर?

विचार करून होईपर्यंत बहुधा प्रश्न मिटलेला असतो. पेपरात द्यायला फोटो दहावीचा निवडा. मजकुराची काळजी नको, तो जाहिरातवाल्याकडे तयार मिळतो : 'अल्पशा आजाराने दुःखद निधन.'