हात मोकळे झाले, लक्षाचं काय?

निपाणी, खानापूर, बेळगावच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. पोलिसांच्या गाडीत आवाजावर चालणारी यंत्रणा बसवा, हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर, अपघाताची भीती संपली. खाली शेरा: आपल्या मराठी-कन्नड मिश्र बोलीत मात्र ती चालणं अशक्य. दोन्ही दावे चुकीचे आहेत, आणि पहिला तर धोक्याचा आहे.

‘भीती संपली’ कशी? अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाने २०१५ मध्ये दाखवून दिलं, की गाडीला तोंडी हुकूम दिल्यावर चालकाचं मन पुरतं रस्त्यावर परतायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने तेवढ्यात गाडी ४५० मीटर जाते. गळीत हंगामात रात्री संकेश्वरकडे निघालेल्या गाडीपुढे मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली यायला त्याच्या निम्मं अंतरही पुरे. त्यात यंत्राने हुकूम चुकीचा ऐकला तर आणखी पंचाईत. सिम्युलेटरवरच्या एका प्रयोगात ओळख चुकू लागली तसं चालकांचं स्टिअरिंगही जास्त डगमगलं.

म्हणून यंत्रणा नकोच, असं मी म्हणत नाही. सायरन, दिवे, रडार, वायरलेस, प्रत्येकाचा डबा वेगळा, बटणं वेगळी; ती चाचपडत गाडी हाकणं हाही जीवावरचाच खेळ. अमेरिकेतल्याच न्यू हॅम्पशायर विद्यापीठाने १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रोजेक्ट ५४’ने पोलिसांच्या गाडीतली ही उपकरणं एकत्र जोडून आवाजावर चालवली. बोलण्याआधी बटण दाबायचं, म्हणजे गाडीतल्या गप्पांना यंत्र हुकूम समजत नाही. स्क्रीन आणि जुनी बटणंही तशीच ठेवली. आवाज दगा देईल तेव्हा हात कामाला येतो.

राहिला भाषेचा मुद्दा. इथे यंत्राशी गप्पा मारायच्या नाहीत, ठरलेले थोडे हुकूम द्यायचे आहेत. ‘सायरन बंद कर’ आणि ‘सायरन आफ माडु’ ही दोन्ही वाक्यं एकाच कामाला जोडता येतात. यंत्राने ओळखायच्या गावांच्या यादीत बेळगाव, बेलगाम, बेळगावी तिन्ही घालावीत. मिश्र बोली हा आपल्या पोलिसांचा दोष नाही. यादी करणाऱ्याने इथल्या ठाण्यात बसून ती बोली ऐकली पाहिजे.

आणि चाचणी बंद खोलीत नको. चोर्ला घाटात, काचा खाली, सायरन चालू, पाऊस लागलेला असताना इथल्याच हवालदारांच्या आवाजात घ्या. हुकूम किती वेळा चुकला तो आकडा खरेदीच्या कागदावर लिहा.