टँकर युद्धात नसतो, असं म्हणणाऱ्यांसाठी

४ डिसेंबरच्या नौदल दिनाला नेरूळ-बेलापूरकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरत होती. तिचा मजकूर असा: नौदलाचा टँकर म्हणजे तरंगता पेट्रोल पंप, लढाई पुढे आणि तो सुखरूप मागे, त्याला धक्का लागला तर क्षणात राख, तिथे कसला पराक्रम, कराचीवरचा हल्ला तीन बोटींनी एकट्यांनी केला, आणि आता टँकरची गरज उरलेली नाही. आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुलं टँकरवर नोकरी करतात. त्यांच्या आईवडिलांनी हे वाचावं, याचं मला फार वाईट वाटलं.

‘सुखरूप मागे’ हे आधी घेऊ. अमेरिकेचा ‘निओशो’ हा टँकर ७ डिसेंबर १९४१ला पर्ल हार्बरमध्ये युद्धनौकांच्या रांगेतच उभा होता. बॉम्ब पडत असताना कॅप्टन फिलिप्स यांनी तो तिथून हलवला. पुढे मे १९४२मध्ये, कोरल समुद्रात, त्याने ‘यॉर्कटाउन’ या विमानवाहू नौकेला तेल दिलं आणि ‘सिम्स’ या विनाशिकेसोबत तो वेगळा निघाला. ७ मेला जपानी टेहळणी विमानांना तो विमानवाहू नौका वाटला. दोन जपानी विमानवाहू नौकांची विमानं या दोघांवर तुटून पडली. ‘सिम्स’ बुडाली. आणि ती विमानं इकडे गुंतलेली असताना, त्याच सकाळी, अमेरिकी विमानांनी जपानची ‘शोहो’ ही विमानवाहू नौका बुडवली. शत्रूचा एवढा मोठा घाव ज्याने अंगावर घेतला, तो लढाईच्या मागे होता असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

आता ‘क्षणात राख’. ‘निओशो’वर सात बॉम्ब थेट बसले, एक विमानही येऊन आदळलं. तरी तो चार दिवस तरंगत राहिला. ११ मेला ‘हेन्ली’ या अमेरिकी विनाशिकेने १२३ जणांना उचललं आणि मग ते कलेवर आपल्याच हातांनी बुडवलं. त्या आगीत ‘निओशो’वरचे खलाशी ऑस्कर पीटरसन यांनी, दुरुस्ती पथकातले सगळे सोबती जखमी झालेले असताना, स्वतः घायाळ अवस्थेत वाफेचे व्हॉल्व्ह बंद केले. त्यात ते आणखी भाजले आणि त्यातच गेले. मरणोत्तर त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला. पराक्रम कुठे असतो ते विचारणाऱ्यांनी हे नाव पाठ करावं.

कराचीवरच्या १९७१च्या हल्ल्याचं म्हणाल, तर ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन बोटींचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण या क्षेपणास्त्र बोटी मुळात किनाऱ्याच्या रक्षणासाठी बनलेल्या, त्यांच्या टाक्या लहान. त्या एकट्या गेल्या नाहीत. सोबत ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ या दोन युद्धनौका होत्या, आणि ‘पोषक’ हा टँकर होता. पोस्टमध्ये या तिघांचं नावही नाही. चार दिवसांनी ‘विनाश’ या क्षेपणास्त्र बोटीने कराचीवर पुन्हा मारा केला, तेव्हा पाकिस्तानी नौदलाच्या ‘ढाका’ या टँकरवर क्षेपणास्त्र बसलं. म्हणजे तिकडचा टँकरही काही सुरक्षित कोपऱ्यात नव्हता.

गरज उरली नाही, हे तर दोन ओळींत संपतं. आपली ‘विक्रांत’ गॅस टर्बाइनवर चालते, तिला इंधन लागतंच. अणुशक्तीवरच्या विमानवाहू नौकांनाही विमानांसाठी तेल घ्यावं लागतं. २०११मध्ये ‘दीपक’ आणि ‘शक्ती’ हे टँकर ताफ्यात आले, आणि ऑगस्ट २०२३मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डशी अशा आणखी पाच जहाजांचा करार झाला.