‘पैसे भरा, भारताकडून खेळा’ म्हणणाऱ्या बुद्धिबळाच्या फॉरवर्डला उत्तर

‘भारतीय बुद्धिबळातला महाघोटाळा, डोळे उघडा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज बरेच दिवस फिरतोय. भारताने काही जिंकलं की तो पुन्हा वर येतो. मी सोडून देत होतो. परवा तो वहिनीने घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘बघा, पैसेवाल्यांचा खेळ आहे हा. पोराला उगाच कशाला नादी लावायचं?’ पुतण्या दहा वर्षांचा आहे, जिल्हा पातळीवर खेळतो, हरला की तासभर कोणाशी बोलत नाही आणि मग स्वतःच पट मांडून चुकलेली चाल शोधत बसतो. त्याचं खेळणं एका निनावी मेसेजवरून बंद होणार असेल तर उत्तर द्यायलाच हवं.

मेसेज म्हणतो ते असं: सरकारने क्रिकेटला १२५ कोटी दिले, बुद्धिबळाला फुटकी कवडी नाही; ऑलिम्पियाडच्या, म्हणजे देशोदेशींच्या संघांच्या बुद्धिबळ स्पर्धेच्या, बक्षिसाची रक्कम अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाने गिळली; देशात सर्वांत जास्त रेटिंग (खेळाच्या ताकदीचा आकडा) असलेल्या अर्जुन एरिगैसीला लॉबीने तिसऱ्या पटावर ढकललं; कोनेरू हम्पीला महिला संघातून डावललं; भारतीय संघात जागा विकत मिळते; महासंघाचे ६५ कोटी गायब झाले; खेळाडूंना बाहेरच्या स्पर्धा खेळू देत नाहीत; आणि जिंकलेला चषकसुद्धा हरवला.

अर्जुनपासून सुरुवात करतो, कारण ज्याने हे लिहिलं त्याने आयुष्यात एकही सांघिक स्पर्धा पाहिलेली नाही हे इथे उघडं पडतं. ऑलिम्पियाडमध्ये संघात पाच जण असतात, एका लढतीत चौघे खेळतात. कोण कितव्या पटावर, हा क्रम स्पर्धा सुरू होण्याआधी द्यावा लागतो आणि नंतर बदलता येत नाही. हे माझं मत नाही, फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, ऑलिम्पियाड नियमावलीत लिहिलेलं आहे आणि ती कोणालाही फुकट वाचता येते. रेटिंगप्रमाणेच क्रम लावा असं त्यात कुठेही नाही. पहिल्या पटावरच्या विजयाला एक गुण आणि तिसऱ्या पटावरच्या विजयालाही एकच. मग तुमचा सर्वांत फॉर्मात असलेला, जिंकण्यासाठीच खेळणारा माणूस कुठे बसवायचा, हा डावपेचाचा प्रश्न आहे.

बुडापेस्टच्या २०२४ च्या ऑलिम्पियाडमध्ये कर्णधार श्रीनाथ नारायणनने गुकेशला पहिल्या पटावर बसवलं, मग प्रज्ञानंद, मग अर्जुन, मग आपला नाशिकचा विदित, हरिकृष्ण राखीव. गुकेश पहिल्या पटाला नवखा नव्हता. चेन्नईच्या २०२२ च्या ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या दुसऱ्या संघाकडून तो पहिल्याच पटावर खेळला होता, पहिले आठच्या आठ डाव जिंकला होता आणि वैयक्तिक सुवर्ण घेऊन गेला होता. अर्जुनही त्या वर्षी तिसऱ्याच पटावर होता, रौप्यपदकासह. आता बुडापेस्टचे आकडे घ्या: गुकेश १० डावांत ९ गुण, अर्जुन ११ डावांत १०. दोघांनाही आपापल्या पटाचं सुवर्ण. दहाव्या फेरीत अमेरिकेविरुद्ध प्रज्ञानंद वेस्ली सोकडून हरला, विदितने अरोनियनला बरोबरीत रोखलं. लढत हातची जायची वेळ होती. गुकेशने कारुआनाला आणि अर्जुनने तिसऱ्या पटावर डोमिंगेझला हरवलं म्हणून ती भारताने अडीच-दीड अशी जिंकली. भारताने लढतींचे २२ पैकी २१ गुण मिळवले, फक्त उझबेकिस्तानशी बरोबरी झाली. ज्या क्रमाने भारताला खुल्या गटातलं पहिलं सुवर्ण मिळालं, तो क्रम म्हणजे घोटाळ्याचा पुरावा! यापुढे काय बोलायचं.

हम्पीला कोणी डावललं नाही. बुडापेस्टला न खेळण्याचा निर्णय तिचा होता. अभिजित कुंटेच्या महिला संघाने तिच्याशिवायही सुवर्ण आणलं, त्यात आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने तिसऱ्या पटावर ११ डावांत साडेनऊ गुण केले. (तिसऱ्या पटाचा शाप बघा.)

आता तो मुद्दा ज्याने वहिनी घाबरली. ‘भारतीय संघात जागा विकत मिळते.’ हे वाक्य लिहिणाऱ्याने दोन वेगळ्या गोष्टी मुद्दाम किंवा अडाणीपणाने एकत्र कालवल्यात.

ऑलिम्पियाडचा किंवा आशियाई स्पर्धेचा संघ हा राष्ट्रीय संघ. त्यात जागा मोजक्या, आणि मुख्य आधार फिडे रेटिंगचा. रेटिंगची यादी दर महिन्याच्या एक तारखेला जाहीर होते. खेळाडूचं नाव टाका, त्याने कुठे कोणाला हरवलं ते डावागणिक दिसतं. छोट्या स्पर्धांत ठरवून डाव खेळल्याच्या बातम्या जगभरातून अधूनमधून येतात, नाकारत नाही. पण २७०० च्या वर जायचं तर समोर कारुआना, सो, अब्दुसत्तारोव असे लोक बसतात, आणि त्यांच्यापर्यंत कोणाच्या मामाची ओळख पोचत नाही.

वयोगटांचं वेगळं आहे. जागतिक युवा आणि कॅडेट (लहान मुलांच्या) स्पर्धांना प्रत्येक देश प्रत्येक गटात एक अधिकृत खेळाडू पाठवतो आणि त्याच्या राहण्याजेवणाचा खर्च यजमान उचलतो. याशिवाय देशाच्या महासंघामार्फत जादा खेळाडूही जाऊ शकतात, पण स्वखर्चाने. आपल्याकडे याला स्पेशल एंट्री म्हणतात. विमानाचं तिकीट, हॉटेल, फी, बरोबर प्रशिक्षक नेला तर त्याचंही, सगळं आईबापांच्या खिशातून. राष्ट्रीय वयोगट स्पर्धांतही राज्याच्या कोट्यात न बसलेल्या मुलांना जादा फी भरून खेळता येतं. यात लपवाछपवी नाही, परिपत्रक निघतं, त्यात रक्कम छापलेली असते. आणि फी भरून पहिल्या फेरीच्या खुर्चीवर बसता येतं, शेवटच्या फेरीनंतर पहिल्या नंबरावर नाही.

गोंधळ पुढे होतो. मूल परत येतं, छातीवर तिरंगा असलेला फोटो असतो, स्थानिक पेपरात ‘भारताचे प्रतिनिधित्व’ अशी बातमी लागते, नगरसेवक चौकात ‘आंतरराष्ट्रीय बुद्धिबळपटू’चा फ्लेक्स लावतो. निवड होऊन गेला की स्वखर्चाने, हे कोणी विचारत नाही आणि घरचे सांगत नाहीत. शेजारी बघतो की यांनी काही लाख खर्च केले आणि पोरगं भारताकडून खेळून आलं. तिथून ‘जागा विकत मिळते’पर्यंत पोचायला वेळ लागत नाही. तेव्हा या अफवेला खतपाणी आपणच घालतो, मेसेज लिहिणारा फक्त कापणी करतो.

याचा खरा तोटा कोणाला? जो पालक हे खरं मानतो तो एकतर पोराला खेळातून काढतो, वहिनी करायला निघाली होती तसं. नाहीतर ‘वर ओळख आहे, नाव टाकून देतो’ म्हणणाऱ्याला पाकीट देतो. स्पेशल एंट्रीचा फॉर्म जो स्वतः भरता येतो, त्यासाठी मध्यस्थाला पैसे मोजलेले पालक मी पाहिलेत. त्यांना तो व्यवहार विचित्रही वाटत नव्हता, कारण ‘सगळीकडे असंच चालतं’ हे त्यांच्या फोनवर आधीच येऊन पडलं होतं.

वहिनी, पोराला स्पेशल एंट्रीने परदेशी पाठवायचं की नाही हा वेगळा प्रश्न आहे. माझं मत विचारशील तर दहाव्या वर्षी अजिबात नको. त्या पैशात इथल्याच खुल्या रेटिंग स्पर्धा दोन वर्षं खेळून होतील. पण तो खर्चाचा हिशोब झाला, घोटाळा नव्हे.

पैशाचे मुद्दे भराभर उरकतो. १२५ कोटी बीसीसीआयने दिले, स्वतःच्या कमाईतून. ते सरकारचे नव्हते. हां, आपल्या राज्य सरकारने २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वविजयानंतर क्रिकेट संघाला ११ कोटी जाहीर केले होते, आणि तेव्हा मलाही ते टोचलं होतं. एवढं त्या मेसेजचं अर्धं खरं. पण बुद्धिबळाला फुटकी कवडी नाही हे साफ खोटं. बुडापेस्टनंतर राज्याने विदित आणि दिव्याला प्रत्येकी एक कोटी दिले, २०२५ मध्ये बटुमीला महिला विश्वचषक जिंकल्यावर दिव्याला तीन कोटी. तमिळनाडूने तर चेन्नई ऑलिम्पियाडच्या आयोजनावर ९० कोटींहून जास्त मंजूर केले होते.

ऑलिम्पियाडचं बक्षीस गिळलं म्हणणाऱ्याने पुन्हा तीच नियमावली उघडावी. तिथे चषक आहेत, पदकं आहेत, खेळाडूंना रोख रक्कम नाही. जे नाहीच ते गिळणार कसं? उलट महासंघानेच आपल्याकडून ३ कोटी २० लाख जाहीर केले: दहा खेळाडूंना प्रत्येकी २५ लाख, दोन्ही कर्णधारांना प्रत्येकी १५ लाख, उरलेले पथकप्रमुख आणि सहाय्यक प्रशिक्षकांना.

६५ कोटींचं म्हणाल तर ते महासंघाने २०२४ मध्ये जाहीर केलेलं अंदाजपत्रक होतं. अंदाजपत्रक म्हणजे तिजोरीतली रोकड नव्हे. त्यातले किती जमले, किती कुठे गेले, हे विचारायचा हक्क मात्र आहे आणि लोकांनी विचारावंच. सरकारकडून वर्षाला १० लाख किंवा जास्त अनुदान घेणारे क्रीडा महासंघ माहितीच्या अधिकाराखाली येतात, असं क्रीडा मंत्रालयाने २०१० मध्येच स्पष्ट केलं आहे. दहा रुपयांचा अर्ज आहे. तो करायचा सोडून ‘गायब’ लिहिणं सोपं पडतं. त्या घोषणांपैकी एक तरी मला प्रत्यक्षात आलेली दिसते: सात ते एकोणीस वर्षांखालच्या गटांतल्या ७८ मुलामुलींना तिमाही मानधन सुरू झालं, निम्मे मुलगे, निम्म्या मुली. देशातल्या मुलांची संख्या बघता ७८ म्हणजे फारच थोडे, तेही खरं.

बाहेरच्या स्पर्धा खेळू देत नाहीत, हा मुद्दा शिळा आहे पण पूर्ण खोटा नाही. महासंघाची मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळलात तर कारवाई, असा नियम होता आणि त्यापायी खेळाडूंची रेटिंगं गेली. चार खेळाडू २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे (बाजारातली मक्तेदारी रोखणारी सरकारी संस्था, खेळाच्या स्पर्धांशी संबंध नाही) गेले. २०१८ मध्ये आयोगाने महासंघाला वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल दोषी धरून ६ लाख ९२ हजारांचा दंड केला. महासंघाची बाजू घेऊन मी हे लिहीत नाही, हे यावरून कळावं. खुर्चीसाठीची भांडणंही खरी आहेत. चेन्नई ऑलिम्पियाड तोंडावर असताना सचिवांच्या पदाचं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं.

आणि चषक. चेन्नईत खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांच्या एकत्रित कामगिरीसाठी मिळालेला नोना गाप्रिंदाश्विली चषक बुडापेस्टला परत न्यायची वेळ आली तेव्हा महासंघाला तो सापडेना, आणि प्रतिकृती करून घ्यायची पाळी आली. इथे माझ्याकडे बचाव नाही. दोन वर्षांत एवढा मोठा चषक कुठे ठेवला हे ज्यांना सांगता आलं नाही, त्यांच्यावर लोकांनी बाकीचंही खरं मानलं तर नवल नाही.