गिअर पडत नाहीत म्हणून ‘एल’ स्क्रू सैल करू नका

ताईच्या सोसायटीच्या सायकल ग्रुपवर फिरणारा एक मेसेज गेल्या महिन्यात माझ्या भाच्यापर्यंत पोचला. त्याच आठवड्यात तो बोपदेव घाटाच्या चढावर सायकलसकट आडवा झाला. चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा डिरेलर चाकाच्या आऱ्यांत अडकला आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं. वेग जेमतेम होता म्हणून गुडघा आणि कोपर सोलवटण्यावर निभावलं. मागून टेम्पो येत होता, त्याने वेळेवर ब्रेक मारला. त्या टेम्पोचा विचार आला की अजून हात थरथरतात, म्हणून हे लिहितेय.

मेसेज असा: ‘नवीन चेन-कॅसेट टाकल्यावर गिअर नीट पडत नाहीत? मेकॅनिकला पैसे देऊ नका.’ (कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच.) खाली पाच उपाय. मोठ्या चकतीवर चेन चढत नसेल तर डिरेलरवरचा ‘एल’ स्क्रू दोन-तीन फेरे सैल करा. केबल जितकी घट्ट तितके गिअर चोख. चेन उडत असेल तरी चालवत राहा, 500 किलोमीटरमध्ये ती सेट होते. नवीन चेन रात्रभर रॉकेलमध्ये भिजवा. आणि चेन कुठलीही चालते.

पहिल्या उपायाने पोराला पाडलं, म्हणून आधी तोच. ‘एच’ आणि ‘एल’ हे स्क्रू गिअर जुळवायला दिलेलेच नसतात. ते दोन टोकांचे अटकाव आहेत. ‘एच’ चेनला सगळ्यात लहान चकतीच्या बाहेर पडू देत नाही, ‘एल’ सगळ्यात मोठ्या चकतीच्या पलीकडे, आऱ्यांकडे, जाऊ देत नाही. मधल्या चकत्यांशी त्यांचा काडीचा संबंध नाही. ‘एल’ तीन फेरे सैल केला की हा अटकाव उरतच नाही. स्टँडवर सगळं सुरळीत दिसतं. घाटात दम लागल्यावर माणूस हँडलवरचा गिअर बदलायचा शिफ्टर जोरात दाबतो, आणि डिरेलर सरळ आऱ्यांत जातो. भाच्याने आऱ्यांपुढची प्लास्टिकची चकती ‘बरी दिसत नाही’ म्हणून आधीच काढलेली होती. डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो हँगर तुटला, डिरेलरचा पिंजरा पिळला, तीन आरे गेले.

‘एल’ खरंच चुकलाय का, हे बघायला एक मिनिट लागतं. सायकल स्टँडवर घ्या, पेडल फिरवत डिरेलर हाताने हळूच आत ढकला, बोटं आऱ्यांपासून लांब ठेवा. चेन मोठ्या चकतीवर चढून तिथेच थांबली तर ‘एल’ बरोबर आहे, त्याला हात लावू नका. दोष केबलच्या ओढीत आहे.

भाच्याच्या सायकलीत तसंच निघालं. चेन आणि कॅसेटसोबत त्याने केबल आणि तिच्यावरचं आवरण, म्हणजे आउटरही बदललं होतं, आणि दुकानात त्याला गिअरच्या आउटरऐवजी ब्रेकचं आउटर कापून दिलं होतं. ब्रेकच्या आउटरमध्ये तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, ओढ बसली की ती आकसते. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने असतात, म्हणून ते आकसत नाही. ब्रेकला हा फरक जाणवत नाही, गिअरला जाणवतो. शिमानो कंपनीच्या नऊ गिअरच्या कॅसेटमध्ये एका चकतीपासून दुसरी 4.35 मिलिमीटरवर असते, आणि शिफ्टरच्या एका टिचकीला केबल जेमतेम अडीच मिलिमीटर सरकते. त्यातला एक मिलिमीटर आउटरनेच खाल्ला तर चेन चढणार कशी? आणि यावर मेसेजचा दुसरा उपाय काय, तर केबल आणखी ताणा. मग चेन लहान चकतीवर नीट उतरत नाही. केबल हाताने ओढून सरळ होईल एवढीच धरून बोल्ट आवळायची, बाकी काम बॅरल अॅडजस्टरचं, म्हणजे केबलची ओढ कमीजास्त करायला फिरवायच्या नटाचं. चेन वर चढायला कुरकुरली तर तो पाव फेरा उघडायचा, जास्त चढली तर पाव फेरा बंद करायचा.

आता ‘500 किलोमीटरमध्ये सेट होते’. यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करते: नवीन केबल टाकली की पहिल्या काही राइड्समध्ये आउटर टोकांच्या टोप्यांत घट्ट बसतं आणि केबल थोडी सैल पडते. पण हे केबलबद्दल झालं. चेन सेट होत नाही, झिजते. जुन्या कॅसेटवर नवीन चेन टाकली आणि जोर लावताना ती दातांवरून उडत असेल, तर ते दाते झिजलेत. अशी सायकल चढावर उभं राहून मारताना चेन उडाली की माणूस थेट दांड्यावर आदळतो.

चेन आणि कॅसेट किती झिजलेत हे बघायला शेल्डन ब्राउन यांनी सांगितलेली पट्टीची पद्धत पुरते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या दुकानात सायकली दुरुस्त करणारे हे गृहस्थ 2008 साली गेले, पण त्यांनी लिहून ठेवलेलं आजही जगभरचे मेकॅनिक उघडून बघतात. जुनी चेन फेकू नका. पट्टीचं शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा. चांगल्या चेनमध्ये बरोबर 12 इंचांवर पिन येते. ती 1/16 इंच पुढे गेली तर चेन बदला, 1/8 इंच पुढे गेली तर कॅसेटही गेली.

रॉकेल: नवीन चेनला कारखान्यातच वंगण भरलेलं असतं, ते धुऊन टाकायचं कारण नाही. कुठलीही चेन: आठ चकत्यांच्या कॅसेटची चेन बाहेरून साधारण 7.1 मिलिमीटर रुंद असते, नऊची 6.6. नऊच्या कॅसेटवर आठची चेन शेजारच्या चकतीला घासणारच.

भाच्याच्या सायकलीला नवा हँगर, डिरेलर, आरे आणि गिअरचंच आउटर घातलं. आऱ्यांपुढची चकतीही परत लावली. गेल्या रविवारी आम्ही दोघं पुन्हा बोपदेवला गेलो. अर्ध्या चढावर चेन किंचित कुरकुरायला लागली, तसा तो स्वतःच थांबला, अॅडजस्टर पाव फेरा उघडला आणि पुढे निघाला.